आठ अधिक चार बरोबर किती?

संपादक मंडळाने माझ्याकडे खरं तर विनोदी लेख मागितला होता. मागच्या अंकात ओरल घेणाऱ्या परीक्षकांचे प्रकार लिहिले होते, ते बऱ्यापैकी चाललं, म्हणून यंदाही तसंच काहीतरी दे असा आग्रह. तीनदा बसलो, जमलं नाही. इनप्लांट ट्रेनिंगच्या वेळचं एक गणित डोक्यात अडकून बसलंय आणि ते कागदावर उतरल्याशिवाय दुसरं काही सुचेल असं दिसत नाही. तेव्हा मित्रांनो, यंदा विनोद नाही. गणित मात्र सोपं आहे, एम-थ्रीसारखं नाही. बेरीज आणि भागाकार, बस्स.

२०२५ च्या मे-जूनमध्ये मी आणि माझे दोन मित्र एम.आय.डी.सी.तल्या एका कारखान्यात सहा आठवडे होतो. नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण त्याच रस्त्यावर तसे आणखी पाच-सहा आहेत. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सला लागणाऱ्या बुश तिथे बनतात. मला सी.एन.सी. लेथच्या ओळीत उभं केलं आणि सांगितलं, "सायकल टाईम कमी करून दाखव, रिपोर्टला तेवढं पुरे." सायकल टाईम म्हणजे काय हे मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो : एक नग मशीनवर चढवायचा, कापायचा, उतरवायचा आणि पुढचा चढवायचा, यात जाणारा वेळ. माझ्या मशीनवर तो ९६ सेकंद होता.

त्या मशीनवरचा ऑपरेटर आय.टी.आय. टर्नर, वय तिशीच्या आसपास. आम्ही त्याला दादा म्हणायचो. तो आम्हाला सुरुवातीला 'सर' म्हणायचा. चौथ्या दिवशी त्याच्या डब्यातला ठेचा आम्ही संपवल्यावर 'सर' गेलं आणि 'अरे' आलं. गावाहून बावीस किलोमीटर मोटरसायकलवर यायचा. शिफ्ट सकाळी सात ते संध्याकाळी सात. म्हणजे घरातून सव्वासहाला बाहेर, परत पावणेआठला.

दोन दिवस नुसतं घड्याळ लावून बसलो, तेव्हा लक्षात आलं की कच्चा माल जमिनीवरच्या क्रेटमध्ये असतो. प्रत्येक नगाला दादा वाकतो, उचलतो, सरळ होतो. शिफ्टचं टार्गेट ४१० नग, म्हणजे ४१० वेळा वाकणं. भंगारातल्या अँगलचं एक स्टँड वेल्ड करून घेतलं, क्रेट कमरेच्या उंचीवर आणला. आठ सेकंद वाचले. मग प्रोग्रॅममध्ये पाहिलं तर टूल कापायला लागण्याआधी उगाच लांबून येत होतं. ते अंतर कमी केलं, चार सेकंद वाचले. ९६ चे ८४ झाले! इतका आनंद मला सेकंड इयरच्या रिझल्टलाही झाला नव्हता (तेव्हा एक के.टी. होती, असो). सुपरवायझर साहेबांनी पाठ थोपटली. प्लँट हेडनी केबिनमध्ये बोलावून चहा दिला. सर्टिफिकेटवर शेरा 'एक्सलंट'.

पुढच्या सोमवारी मशीनवरच्या पाटीवर ४१० पुसून ४७० लिहिलेलं होतं.

दादाने विचारलं, "तुझं सर्टिफिकेट आलं का रे?"

"आलं की."

"बरं झालं. माझे साठ नग वाढले."

चिडून नाही म्हणाला. उलट नंतर असंही म्हणाला की स्टँडमुळे कंबर बरी आहे. पण मी त्या दिवशी जेवताना वहीच्या मागच्या पानावर हिशोब केला. ४१० नगांमागे बारा-बारा सेकंद वाचले, म्हणजे ४९२० सेकंद, म्हणजे ८२ मिनिटं. एका माणसाच्या दिवसातून मी ८२ मिनिटं मोकळी केली होती. ती कुणाला मिळाली? दादा जुनंच टार्गेट करून पावणेसहाला घरी गेला असता तरी कंपनीचं काहीच बिघडलं नसतं. किंवा साठ नगांचे पैसे त्याला जास्त मिळाले असते. दोन्ही झालं नाही. रिपोर्टमध्ये मी 'उत्पादकतेत १४.६ टक्के वाढ' असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं. दादाच्या पगारात किती टक्के वाढ, हा रकाना आपल्या रिपोर्टच्या फॉरमॅटमध्येच नाही.

मग एकदा त्याने मोबाईलवर पगाराची स्लिप दाखवली. तो कंपनीचा माणूस नाही, कॉन्ट्रॅक्टरचा. सात वर्षं त्याच मशीनवर आहे, पण मधे मधे ब्रेक देऊन दोनदा कॉन्ट्रॅक्टर बदललेला, त्यामुळे कागदोपत्री नेहमी नवीनच. पी.एफ. वगैरे कापून हातात १२,०००. महिनाभर टार्गेट पूर्ण केलं आणि एकही खाडा नसला तर वर १,५०० 'इन्सेंटिव्ह'. एकूण साडेतेरा. स्लिपवर कामाचे दिवस २६, कामाचे तास २०८. शेजारी ओव्हरटाईमचा रकाना होता, त्यात शून्य पूर्णांक शून्य शून्य.

सव्वीस दिवस रोज बारा तास म्हणजे ३१२ तास होतात. स्लिपवर आहेत २०८. मधले १०४ तास कुठेच नाहीत. ते दादाच्या घरीही नाहीत आणि कंपनीच्या कागदावरही नाहीत.

आता भागाकार. १२,००० भागिले २०८, तासाला साधारण ५८ रुपये. ही झाली कागदावरची मजुरी. खरी मजुरी १३,५०० भागिले ३१२, तासाला ४३ रुपये. आपण सगळे पगार महिन्यावर सांगतो. 'साडेतेरा हजार' ऐकायला एकच आकडा आहे, पण आठ तासांचे साडेतेरा आणि बारा तासांचे साडेतेरा हे दोन वेगळे पगार आहेत. तास वाढले आणि महिन्याचा आकडा तोच राहिला, तर ती पगारकपातच असते. फक्त कुणी तिला कपात म्हणत नाही, आणि ज्याचा पगार कापला त्यालाही पटकन कळत नाही.

कायदा काय म्हणतो हे मी नंतर वाचलं. त्या वेळी १९४८ चा कारखाने कायदा लागू होता. त्याच्या ५९ व्या कलमात ठरलेल्या तासांपुढच्या कामाला दुप्पट दर सांगितला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रम संहिता लागू झाल्या आणि त्या कायद्याची जागा त्यांतल्या एका संहितेने घेतली, पण दुप्पट दर तिच्यातही कायम आहे. आठ तासांच्या पाळीवर चार तास जास्त बसवले तर ते चार तास आठ म्हणून मोजायचे. म्हणजे कायद्याच्या वहीत आठ अधिक चार बरोबर सोळा. दादाच्या स्लिपवर आठ अधिक चार बरोबर आठ. दुप्पट दराने दादाचे त्या महिन्याचे आणखी १२,००० व्हायला हवे होते, मिळाले १,५००.

आणि हा दुप्पट दर कामगाराला बक्षीस म्हणून ठेवलेला नाही. इंजिनावर गव्हर्नर कशासाठी असतो? वेग वाढायला लागला की इंधन आपोआप कमी व्हावं म्हणून. तसं हे आहे. चोवीस तास मशीन चालवायचं तर आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या लावा, तीन माणसं मिळून चोवीस तासांचा पगार. बारा-बाराच्या दोन पाळ्या लावा आणि ओव्हरटाईम नियमाने द्या, तर दोनच माणसं, पण पगार सोळा अधिक सोळा म्हणजे बत्तीस तासांचा. कुठला मालक बत्तीस देईल, जर चोवीसमध्ये काम होत असेल? माणूस वाढला की त्याचा पी.एफ., बोनस, ट्रेनिंग, बसची सीट हे खर्च वाढतात हे मला मान्य आहे, पण ते मिळूनही आठ तासांच्या पगाराएवढे होत नाहीत. तरीही आपल्या त्या रस्त्यावर जिकडे तिकडे बाराच्या दोन पाळ्या दिसतात. याचा अर्थ एकच निघतो : ते बत्तीस कुणी देत नाही. गव्हर्नर काढून ठेवलाय आणि इंजिन जोरात पळतंय म्हणून सगळे खूश.

प्लँट हेडशी मी बोललो होतो. माणूस वाईट नाही, तोही रोज बारा तास तिथेच असतो. त्याचं म्हणणं, वरची मोठी कंपनी दरवर्षी भाव कमी करायला सांगते, स्टील महागतं, वीज महागते, मग आम्ही कापायचं कुठून? या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण स्टीलवाल्याला आणि वीज मंडळाला कुणी कमी पैसे घ्या म्हणत नाही, हेही मला तेव्हाच सुचायला हवं होतं. ते रात्री मेसमध्ये जेवताना सुचलं. नेहमीचंच.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली. एका तिमाहीत ओव्हरटाईम ११५ तासांपर्यंत चालत होता, तो १४४ पर्यंत. दुकानं आणि आस्थापनांचे ९ चे १०. आपल्या हॉस्टेलवर त्या रात्री जोरदार चर्चा झाली. अर्धे म्हणाले 'कामगार मेला', अर्धे म्हणाले 'देश पुढे जायचा तर एवढं चालायचंच'. दोघांनीही निर्णय नीट वाचला नव्हता, मीही दुसऱ्या दिवशी वाचला. त्यात आठवड्याचे ४८ तास तसेच आहेत, त्यापुढे दुप्पट पैसे आहेत आणि कामगाराची लेखी संमती लागणार आहे. कागदावर पाहिलं तर दादाचा त्यात तोटा नाही. कागदाप्रमाणे झालं तर फायदाच आहे. पण जुन्या कागदाप्रमाणेही त्याचं काही झालं नव्हतं. त्याचे तिमाहीचे जादा तास ३१२ भरत होते, तेव्हा मर्यादा ११५ होती. ती १४४ झाल्याने त्याला काय फरक पडला? एवढाच, की आता सकाळी सात ते संध्याकाळी सात अशी पाटी उघड लावता येईल. तामिळनाडूने एप्रिल २०२३ मध्ये असाच बारा तासांचा कायदा विधानसभेत मंजूर केला आणि कामगार संघटनांच्या विरोधानंतर काही दिवसांतच मागे घेतला. आपल्याकडे तेवढा आवाज झाला नाही.

संमतीबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण गाडी तिथेच अडते. दादाला मी विचारलं, "उद्या आठ तासांची शिफ्ट केली तर?" मला वाटलं तो खूश होईल. तो दचकला. "आणि इन्सेंटिव्ह?" म्हणाला. बारा हजारांत त्याचं घर चालत नाही. भाडं नाही, शेत आहे, तरी नाही. पंधराशे रुपये म्हणजे मुलीची फी आणि गॅस. म्हणून तो स्वतःच बारा तास मागतो. उद्या संमतीचा फॉर्म पुढे आला तर तो पहिली सही करेल आणि शेजाऱ्यालाही करायला लावेल. म्हणजे पगार आधी इतका थोपवून ठेवायचा की माणूस स्वतःहून जादा तास मागायला यावा, आणि मग म्हणायचं, बघा, त्यालाच हवेत! तास वाढणं आणि पगार न वाढणं या वर्तमानपत्रात दोन वेगळ्या बातम्या असतात. दादाच्या घरात ती एकच बातमी आहे.

एकट्या दादाची गोष्ट सांगून मी निष्कर्ष काढतोय असं कुणी म्हणेल, म्हणून थोडे मोठे आकडे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये भारतातल्या रोजगारावर अहवाल काढला. महागाई वजा करून पाहिलं तर २०१२ ते २०२२ या काळात नियमित पगारदारांची सरासरी कमाई दरवर्षी साधारण एक टक्क्याने घटली, असं त्यात आहे. (रोजंदारीवाल्यांची थोडी वाढली, पण ती मुळातच इतकी कमी होती की वाढूनही कमीच.) दुसरीकडे, जानेवारी २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या केंद्र सरकारच्याच आर्थिक पाहणीत म्हटलंय की २०२३-२४ मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि नोकऱ्या १.५ टक्क्यांनी. नफ्याचं प्रमाण पंधरा वर्षांत सर्वात जास्त. आणि २०२२-२३ च्या औद्योगिक पाहणीप्रमाणे नोंदणीकृत कारखान्यांत दर पाच कामगारांमागे दोन कॉन्ट्रॅक्टवरचे. माझी ८२ मिनिटं गेली कुठे, याचा पत्ता बहुतेक या आकड्यांतच आहे.

इथे काही जण पान उलटतील, की हे कामगारांचं झालं, आपण इंजिनिअर. थांबा जरा. २०१० च्या आसपास मोठ्या आय.टी. कंपन्या कॅम्पसमधून घेतलेल्या फ्रेशरला वर्षाला सव्वातीन लाखांच्या आसपास देत होत्या. २०२४-२५ मध्ये त्याच दर्जाच्या जॉबला साडेतीन लाखांच्या आसपास. मधल्या काळात बाजारातल्या किमती दुपटीच्या वर गेल्या. आपले सीनिअर ज्या पॅकेजवर गाडी घेत होते, त्या पॅकेजवर आपण पुण्यात कॉट बेसिसवर राहणार. आणि तास? ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं नव्वद तासांचं बोलणं बाहेर आलं. प्लेसमेंटच्या पाटीपुढे आपण सी.टी.सी. वाचतो आणि टाळ्या वाजवतो. तासाने भागून कुणी पाहत नाही. एकदा भागून पाहा, मग टाळ्या वाजवा.

कामाचे तास हा आकडा आपोआप ठरलेला नाही, हे मला इतिहास वाचताना कळलं. दहावीच्या पुस्तकात वाचलेलं कधीच विसरलो होतो. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतिराव फुल्यांचे सहकारी. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या काय होत्या? आठवड्याला रविवारची एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सूर्यास्तापर्यंतच, आणि पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. रविवारची सुट्टी गिरणीमालकांनी मान्य केली ती १० जून १८९० ला. आपण रविवारी दहापर्यंत झोपतो ते त्या सह्यांवर.

आणि विजेच्या मित्रांसाठी खास : सूर्यास्ताची मागणी पुढे निरर्थक कुणी केली असेल, तर तुमच्या दिव्याने! गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि अंधार पडला म्हणून काम थांबवायचं कारणच उरलं नाही. १९०५ च्या सुमारास तेजी आली तेव्हा मुंबईच्या गिरण्या चौदा-पंधरा तास चालत होत्या. त्यावर ओरड झाली, आयोग बसला, आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा आली. १९२२ मध्ये ती ११ झाली, १९३४ मध्ये १०. मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे असताना १९४६ मध्ये दुरुस्ती झाली, आठवडा ४८ तासांवर आणि दिवस ९ तासांवर आला. एकेक तास कमी व्हायला दहा-बारा वर्षं लागत होती. नवं यंत्र आलं की तास आपोआप कमी होतील अशी आपली समजूत असते. मुंबईत दिवा आला आणि तास वाढले. माझं स्टँड आलं आणि नग वाढले.

आता आपल्या घरातली गोष्ट. आतापर्यंतचं सगळं लिहिणं सोपं होतं, कारण कारखाना दुसऱ्याचा होता.

थर्ड इयरला असताना आपण मेसची वेळ वाढवून घेतली. रात्री नऊला मेस बंद व्हायची, क्लास आणि ड्रॉइंगमुळे उशीर होतो म्हणून अकरापर्यंत उघडी हवी, असा अर्ज केला. २८६ पैकी २४३ जणांच्या सह्या होत्या. माझी सही पहिल्या दहात आहे. पंधरा दिवसांत मागणी मान्य झाली, हॉस्टेलच्या इतिहासातला विक्रमच. आपण घोषणा दिल्या, रेक्टर सरांना हार घातला.

माणसं मात्र तीच राहिली. हे मला तेव्हा दिसलं नाही. दिसलं ते ट्रेनिंगहून परत आल्यावर, कारण सहा आठवडे घड्याळ लावायची सवय लागली होती. मेसमधल्या मोठ्या मामांचा दिवस मी आठवडाभर लिहून काढला. सकाळी साडेपाचला पोह्यांची तयारी. दुपारी अडीच ते साडेचार कोठीत पोत्यांवर आडवं होणं. रात्री अकराला शेवटचं ताट, मग भांडी, ओटा, फरशी. बारा वाजता दिवा बंद. दोन तास वजा करून साडेसोळा तास. पूर्वी साडेचौदा होते, तेही काही कमी नव्हते, पण वरचे दोन आपण सह्या करून घातले. १९०५ च्या गिरणीत यापेक्षा कमी होते. पगार अर्जाआधी ११,०००, अर्जानंतरही ११,०००. जेवण आणि खोली वेगळी, हे खरं. तरी महिन्याचे अठ्ठावीस दिवस धरून भागा, तासाला चोवीस रुपये येतात. सुट्टी पंधरवड्यातून एकदा, रविवारी संध्याकाळी मेस बंद असते तेव्हा.

मामा काउंटरच्या मागे उभ्या उभ्या झोपले होते, हातात आमटीचा डाव तसाच, तो फोटो आठवतोय ना? हॉस्टेलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी टाकला होता. रात्रीचे पावणेअकरा वाजले होते. खाली हसणारे चेहरे टाकणाऱ्यांत मीही होतो. मामांचं वय माझ्या वडिलांएवढं असेल. माझे वडील एस.टी.त आहेत, डबल ड्युटी करून आले की तेही ताटावर असेच पेंगतात. त्यांचा फोटो कुणी काढला असता तर मी काय केलं असतं, हे मी इथे लिहित नाही.

मामांना विचारलं तर ते म्हणाले, "पोरांना भूक लागती, त्याला काय करायचं?" म्हणजे त्यांचीही संमती आहेच!

जानेवारीच्या जनरल मीटिंगमध्ये मी विषय काढला. हिशोब मांडला : संध्याकाळी चार ते रात्री बारा अशी दोन माणसांची वेगळी पाळी लावायची, प्रत्येकी बारा हजार, म्हणजे चोवीस हजार. २८६ जणांत वाटले तर महिन्याला माणशी ८४ रुपये. चौकातल्या मिसळीच्या एका प्लेटएवढे. आणि ते द्यायचे नसतील तर मेस पुन्हा नऊला बंद करायची, आपण वेळेत यायचं.

काय झालं ते उपस्थितांना माहीत आहे. पहिला आक्षेप आला, "तुझी पण सही होती ना?" होती. दुसरा, "त्यांना पगार मिळतोय ना, मग तुला काय?" तिसरा आक्षेप मात्र खरा होता : वाढीव ८४ रुपये मेसवाला खिशात घालेल आणि मामांना तसंच राबवेल, याची काय हमी? दादाचा अनुभव पाहता हा धोका आहेच. म्हणून मी म्हणतो की पैसे मेस बिलात मिसळायचे नाहीत. हजेरीचं रजिस्टर मेसच्या दाराशी ठेवायचं, आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वेळ त्यात ज्याची त्याने लिहायची, आणि पगार बँकेत जमा झाला की नाही हे मेस कमिटीने दर महिन्याला पाहायचं. कंत्राटदाराने पगार बुडवला तर मुख्य मालकाने द्यायचा, अशी तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे. आपल्या मेसचा मुख्य मालक कोण, संस्था की आपण बिल भरणारे, यावर वकिलांना वाद घालू द्या. गेटवरच्या वॉचमन काकांची बारा तासांची ड्युटी हा याच्याच पुढचा विषय, पण तो आपल्या सह्यांनी झालेला नाही, म्हणून आधी मेस.

रेक्टर सर म्हणाले, लेखी द्या, सह्या आणा, मी पुढे पाठवतो. सरांचं म्हणणं बरोबरच आहे. वेळ वाढवायला २४३ सह्या होत्या, तर माणसं वाढवायलाही तेवढ्या दिसायला हव्यात. हा लेख देईपर्यंत ४१ झाल्या आहेत. त्यात सहा स्टाफमधल्या आहेत, दुपारी मेसमध्ये जेवणाऱ्या सरांच्या. नावं लिहित नाही, त्यांना आवडणार नाही.

अर्ज मेसच्या दाराच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या टाकीशेजारी लावलाय. मार्चअखेर सरांकडे द्यायचा आहे, कारण जूनपासून मेसचं नवं कॉन्ट्रॅक्ट आहे आणि जे काय लिहायचं ते तेव्हाच लिहिता येईल. येताना पेन आणा. दोरीला बांधलेलं दोनदा नेलं कुणीतरी.

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी